खुर्चीच्या हातावरची बाई

मला त्या गोष्टीचा अजून राग येतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचणाऱ्यानं, आजीबाईंनी या वयात सगळं माफ करून टाकलं असेल, अशी आशा धरायला नको. गुडघे गेले, एक कान गेला, दातांचं तर विचारूच नका. राग मात्र शाबूत आहे. कतारमधल्या अल खोरला मुलाच्या घरी मी हे लिहिते आहे. नात शेजारी बसून मोबाईलवर तशाच खुर्च्यांची चित्रं दाखवते. शेकडो निघाल्या. बाईचं डोकं, सिंहाचे पाय, पाठीला पंख. "इट्स जस्ट फर्निचर, दादी," असं म्हणते. तिला माझं मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. तिला काय सांगू, की त्या फर्निचरपायी मी आठ दिवस नीट जेवले नव्हते आणि नंतर जवळजवळ वर्षभर बापाशी धड बोलले नव्हते!

दोह्यातलं आमचं घर सूक वाकिफ या बाजाराच्या मागच्या बाजूला होतं. जाड भिंतींचं, मधे हौश म्हणजे अंगण, आणि पुढच्या बाजूला रस्त्याला लागून बावांचं कारखाना-कम-दुकान. बावा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात त्यांचं घराणं होड्या आणि दारं करणारं. ते इकडे आले तेल कंपनीत सुतार म्हणून, पुढे एका कतरी भागीदाराच्या नावावर स्वतःचं दुकान टाकलं आणि मग मला आणि माला, म्हणजे आईला, आगबोटीनं बोलावून घेतलं. माझे दोघे भाऊ आजोळी राहून शाळा शिकत होते. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि चौथा तो कारखान्याचा आवाज. सकाळी रंधा सुरू व्हायचा, मग करवत, मग ठोकाठोक, आणि दुपारची बांग झाली की एकदम सगळं गप्प. त्या शांततेत फक्त माच्या हातावरच्या भाकरीची थापथाप ऐकू यायची. तांदळाची भाकरी आणि हामूर माशाचं कालवण, त्यात गावाहून आलेली सोलं. नारळ मुंबईच्या लाँचवरून यायचे, त्यातले निम्मे खवट निघायचे, आणि मा त्या लाँचवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उरलेले खवायची. शमाल वारा सुटला की भुसा आणि रेती एकत्र होऊन स्वयंपाकघरात यायची. आमच्या जेवणात लाकूड होतं, असं मी म्हणते ते थट्टेनं नाही.

बावांच्या हाताला तोड नव्हती, पण त्यांना चित्र काढता येत नसे. वेलबुट्टी, कमळ, आंब्याची कोयरी, चौकटीवरची जाळी, सगळं मी काढायचे. आधी फरशीवर कोळशानं, मग पुढे खाकी कागदावर पेन्सिलीनं. ते कागद लाकडावर चिकटवून बावा पटाशी चालवायचे. लहान होते तोवर मी त्यांच्याशेजारी भुशात बसायचे, आणि कधी लहर आली तर ते माझ्या हातात पटाशी देऊन एखादं पान कोरू द्यायचे. त्या एका पानासाठी मी दिवसभर लुडबुड करायची. मग मी तेरा वर्षांची झाले आणि कारखान्याच्या दाराला पडदा लागला. गिऱ्हाईक येतं, परके पुरुष येतात, पोरगी आता मोठी झाली. कागद पडद्याखालून सरकवायचा आणि तो लाकडावर कसा उतरला ते बघायचंसुद्धा नाही! मी धुमसत होते. माझी रेघ दुसऱ्याच्या हातात जाते आणि मी भांडी घासते, हे मला त्या वयातही कळत होतं आणि सोसत नव्हतं. मला आत बसायचं होतं. बास, एवढंच हवं होतं मला आयुष्यात.

मग ती खुर्ची आली. कंपनीतल्या एका मोठ्या साहेबाच्या मॅडमची. विलायतेहून पेटीत घालून आणली होती, तिच्या आजीच्या घरातली, फ्रेंच बनावटीची, पण नक्षी इजिप्तची म्हणे. हात टेकायच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला दोन्हीकडे एकेक बाई. डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचं फडकं, दोन्ही कानांमागून खांद्यावर उतरलेलं, छातीखाली पंख, आणि पंखांखाली एकदम सिंहाचा पंजा. डावी बाई धड होती. उजवीचा प्रवासात चेंदामेंदा झाला होता. मॅडमना उजवी नवी करून हवी होती, डावीसारखी. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. बावांनी खुर्चीभोवती दोन फेऱ्या घातल्या, लाकूड टिचकीनं वाजवलं, आणि कंपनीत शिकलेल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, नो फेस. फ्लावर. व्हेरी गुड फ्लावर." मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, मिस्त्रीला जमणार नाही म्हणून तो सबब सांगतो आहे.

सबब नव्हती. आमच्या घराण्यात कुणीही जिवंत प्राण्याचा चेहरा कोरलेला नाही. जीव घालणारा अल्ला, आपण कोण? गावी पाळण्यावर पोपट मागणारी गिऱ्हाइकं असायची. तेव्हा माझे आजोबा पोपट करायचे आणि शेवटी त्याच्या गळ्यावर करवतीची एक बारीक रेघ ओढायचे. रेघ ओढली की तो पोपट मेला, मग त्याचा गुन्हा नाही. गावात सगळ्या सुतारांची हीच रीत. पण माणसाचा चेहरा? त्याला रेघेचीही पळवाट नव्हती. बावांनी मॅडमना खुर्ची परत पाठवायचं ठरवलं. तेव्हा कतरी भागीदार दुसऱ्या दिवशी येऊन बसला, तीन छोटे फिंजान भरून कॉफी प्याला आणि म्हणाला, हा साहेब कंपनीच्या ऑफिसांसाठी टेबलं आणि कपाटं घेणारा आहे, त्याच्या बायकोला नाही म्हणालास तर आपल्याला दुकान बंद करून मासे धरावे लागतील. यल्ला, चल, करून टाक.

बावांनी करून टाकलं नाही आणि टाळलंही नाही. त्यांनी सागाचा ठोकळा घेऊन पंजा केला, पंख केले, फडक्याच्या पट्ट्या केल्या, आणि चेहऱ्याच्या जागी अंड्यासारखा गुळगुळीत गोळा ठेवला. आठवडाभर तो गोळा तसाच. जेवताना ते बोलेनात, मा कालवण वाढताना दोनदा विचारायची, "काय झालं वो?" शेवटी मीच म्हणाले, "बावा, तोंड मी करू?"

माचा हातच थांबला. "पोरीच्या हातात पटाशी? येड लागलाय काय तुला?"

बावा बराच वेळ भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत राहिले. मग म्हणाले, "पडवीत बसून कर. कुणी बघता नाय पायजे."

"आणि गुन्हा?" मी विचारलं. "मना नाय लागणार?"

"तू ल्हान हाईस अजून," बावा म्हणाले. "ल्हान पोरांच्या नावावर लिहीत नाय."

माझं डोकंच फिरलं. कारखान्यात बसायला मी मोठी, आणि पापाच्या बाबतीत मी लहान! पण हे मी तेव्हा बोलले नाही, कारण पुढचं वाक्य फार मोलाचं होतं. पटाशी माझ्यासमोर ठेवत बावा म्हणाले, "जमलं तर पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. पडद्याच्या पलीकडे माझ्यासाठी एक जागा.

मी तेव्हा सरकारी मुलींच्या शाळेत जायची. तिथे चित्रकलेच्या बाई कैरोच्या होत्या, उंच, जाड भुवयांच्या, खडू हातात धरला की सिगरेट धरल्यासारखा धरणाऱ्या. मी डाव्या बाईचं चित्र काढून त्यांच्याकडे नेलं. म्हटलं, हे तुमच्या इजिप्तचं आहे, नीट करायला शिकवा. त्यांनी कागद उजेडात धरला आणि मोठ्यानं हसल्या. "हे आमचं? पोरी, आमच्याकडे हा बाप्या असतो, राजाचं डोकं असतं. पंख नसतात. आणि ही तर पॅरिसच्या न्हाव्याकडून केस बसवून आलेली दिसते!" मग त्यांनी सांगितलं, की फार पूर्वी फ्रेंच फौज त्यांच्या देशात आली, सोबत चित्रं काढणारे घेऊन आली. फौज हरून गेली, चित्रं मात्र परत पोचली. आणि तिकडे घड्याळं, खुर्च्या, मेणबत्तीचे स्टँड, सगळ्यांवर इजिप्तची डोकी उगवली. ज्यांनी कधी नाईल बघितली नाही, त्यांनी कपाटांच्या पायांवर कमळं कोरली. "आणि आता आमचे कैरोचे श्रीमंत लोक त्याच खुर्च्या विकत घेतात," बाई म्हणाल्या, आणि हसणं एकदम बंद झालं. "आपली वस्तू दुसऱ्यानं वाकडी करून दिली की आपल्याला ती भारी वाटते. असो. तुला करायचंच आहे ना? मग नक्कल करू नकोस. आधी खरं नाक बघ. नाक हाडावर बसतं, चेहऱ्यावर चिकटवलेलं नसतं."

खरं नाक मी कुणाचं बघणार? समोर बसून राहणारं एकच माणूस घरात होतं. पडवीच्या उंबऱ्यापलीकडे मा भाकऱ्या करायची आणि मी चुलीच्या उजेडात तिचं नाक बघायची. डावीचं तोंड मोजून घ्यायचं, उजवीकडे उलटं उतरवायचं, आणि अडलं की मान वर करून माच्या तोंडाकडे बघायचं. लाकूड कडक होतं, माझी मनगटं दुखायची. दोनदा पटाशी निसटून अंगठ्यात घुसली, तेव्हा मा हळद दाबत म्हणाली, "अजून बस!" पण उठवलं नाही. पहिले तीन दिवस मला वाटत होतं की मी लाकूड वाया घालवते आहे. चौथ्या दिवशी ओठ आले. ओठ आल्यावर मी इतकी घाबरले की चादर टाकून झाकून ठेवलं. मग डोळे, मग नाकपुड्या. काचपेपरनं घासताना भुसा उडायचा आणि त्यातून एक बाई बाहेर यायची, थोडी रागीट, थोडी थकलेली. डावीपेक्षा चांगली होती. हे मी आज म्हातारपणी फुशारकी म्हणून म्हणत नाही. तेव्हाही मला माहीत होतं. डावी बाहुली होती. माझी बाई कुणाची तरी आई होती. मा एकदा भाकरी उलथायची विसरून तिच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हिला खायला घाल गो कायतरी." बस, मला बक्षीस मिळालं.

गुरुवारी संध्याकाळी बावांनी ती बघितली. हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, खिडकीपाशी नेली. मी श्वास धरून उभी. मग त्यांनी तिला बाकावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. मला वाटलं, आनंद झाला की माणूस गप्प होतो तसं असेल. मी त्या रात्री शांत झोपले, आणि त्याचाही मला आज राग येतो.

सकाळी फजरची नमाज झाल्यावर मी चहा घेऊन पडद्याशी गेले, तर बावा खुर्चीला सोनेरी वर्ख लावत होते. बाई जागेवर बसली होती, हात टेकायचा दांडा जोडला होता. तिला नाक नव्हतं. वरच्या ओठापासून भुवयांपर्यंत सपाट कापलेलं, कानशीनं घासून गुळगुळीत केलेलं, वर पॉलिश. मी चहाचा कप तिथंच जमिनीवर ठेवला. सांडला नाही, हे मला अजून आठवतं.

"बावा, नाक?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "गळ्यावर रेघ ओढायची होती. पण गळा फडक्याखाली हाय, आणि तिथं करवत घातली तर हाताचा भार घेणार नाय ती, मोडंल. म्हणून नाक."

"पण का?"

"बघत होती ती," बावा म्हणाले. मग ब्रश खाली ठेवून हळूच म्हणाले, "इतकी जिवंत करायला कुणी सांगितली होती तुला?"

मला जी काय शाबासकी मिळायची ती ह्या वाक्यात होती, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त ते सपाट लाकूड दिसत होतं. मी रडले, ओरडले, म्हटलं मॅडम हे परत करणार, सगळं फुकट जाणार, आणि जाऊच दे! मा धावत आली, तिनं बाईकडे बघितलं, मग स्वतःच्या नाकाला हात लावला. तिनं तेव्हा ओळखलं की ते कुणाचं होतं. बावांकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमच्या हाताला जराही थरथर नाय झाली?" बावांनी ब्रश पुन्हा उचलला.

दुकानातली नक्षी मिस्त्रीची मुलगी काढते हे मॅडमनी भागीदाराकडून ऐकलं होतं आणि तिलाही आणा असं सांगितलं होतं, म्हणून मी लॉरीत पुढे बावांशेजारी बसून गेले. मनात पक्कं होतं, मॅडम वैतागल्या की मी सरळ सांगणार, हे माझं काम नाही, माझं काम कापलंय. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. समुद्राकडचा बंगला, आत एसीचा गार वारा. इतका गार की माझ्या दातांवर दात बसले. बावांनी खुर्ची ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. मॅडम वाकल्या. उजवी बाई बघितली, डावी बघितली, पुन्हा उजवी. मी तोंड उघडलं. आणि मॅडमनी टाळी वाजवली!

"ओ, लवली! डार्लिंग, कम अँड सी!" साहेब आले. भिंतीवर एक फोटो होता, त्याच्याकडे त्या बोट दाखवू लागल्या. वाळवंटात उंटावर बसलेल्या मॅडम, आणि मागे तो इजिप्तमधला प्रचंड दगडी सिंह-राजा, ज्याचं नाक कधीच तुटून गेलेलं आहे. नाक नसलेला चेहरा म्हणजे इजिप्त, हे त्यांच्या डोक्यात तसं पक्कं बसलं होतं. मिस्त्रीनं मुद्दाम तसं केलंय, असं त्यांना वाटलं. "हाऊ क्लेव्हर! सो ओल्ड, सो रिअल!" असं म्हणत त्या माझ्या बाईच्या सपाट तोंडावरून बोट फिरवत होत्या. मग डावीकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. डावी आता फारच नवी दिसते म्हणे. तिचंही नाक काढता येईल का?

बावांनी तिथल्या तिथे पिशवीतून पटाशी काढली. दोन घाव, थोडी कानस. शंभर वर्षांची ती फ्रेंच बाहुली माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बाईसारखी झाली, आणि साहेबांनी बावांच्या पाठीवर थाप मारली. मॅडमनी दिवाणखान्यासाठी एक कोच आणि चार खुर्च्या सांगितल्या, सगळ्यांना हातावर बाया, सगळ्या अशाच. कंपनीच्या टेबलांचंही साहेब होय म्हणाले. मला त्यांनी एक चॉकलेट दिलं. माझे जुळवून ठेवलेले शब्द त्या गारव्यात कुठे गेले देव जाणे. मी काय सांगणार होते? की हे चुकलंय? तिथे उभ्या असलेल्या तिघांपैकी कुणालाही ते चुकलेलं वाटत नव्हतं. ज्या चेहऱ्यासाठी मी अंगठा फोडून घेतला तो मॅडमनी कधी बघितलाच नव्हता, आणि बघितला असता तर आवडला नसता. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार लहान वयात कळलं.

येताना लॉरीत बावा खुशीत होते. भागीदाराला आता तोंड दाखवता येईल, दुकान राहील, माझ्या भावांना आजोळाहून बोलावून घेता येईल, असं काय काय बोलत होते. मी कितीतरी वेळ धीर गोळा करत होते. शेवटी विचारलं, "बावा, दहा बाया करायच्या हायत. मग मी उद्यापासून आत बसू?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला उत्तर आधीच कळलं.

"कशाला गो बाय? नाक नाय, डोळं मिटल्यासारखं पुसट ठेवलं की झालं. ह्यात चेहरा कुठं हाय? गुन्हाच नाय उरला. हे मीच करीन आता. तुजा त्रास वाचला, खलास."

"मना त्रास नव्हता," मी म्हणाले.

लॉरी खड्ड्यातून गेली, त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. ऐकलं असावं, कारण नंतर ते बोलायचे थांबले. घरी आल्यावर त्यांनी पडवीत येऊन पटाशी मागितली, दहा बायांना दोन हत्यारं लागतील म्हणाले. मी जिच्यानं काम केलं ती आणून दिली. त्यांनी तिची धार अंगठ्यावर फिरवून बघितली. "चांगली राखलीस," असं म्हणाले, आणि पडदा बाजूला सारून आत गेले. माझ्या हातांना त्यांच्याकडून आयुष्यात मिळालेलं उघड कौतुक एवढंच.